दगडाचे रूपांतर : एका शोधाचा इतिहास



दगडी पाटी आता शाळांतून दिसेनाशी झाली आहे; पण या सभेतील अनेक वडीलधाऱ्या मंडळींनी श्रीगणेशा गिरवला तो तिच्यावरच. पाटी हातातून निसटली की तिचा टवका उडे, आणि तो टवकाही चपटाच असे. आंध्रातील मार्कापूरच्या आसपास ज्या खाणींतून अशा पाट्या निघत, तेथील कामगार जाड दगडाच्या कडेला छिन्नी लावून त्याचे पातळ पापुद्रे अलगद सोडवीत. दगड असा पानापानांनी का सुटावा? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास माणसाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागले. पाटीचा दगड जन्मतः पाटीचा दगड नव्हता. तो मूळचा समुद्राच्या किंवा सरोवराच्या तळाशी बसलेला चिखल होता. ताजमहालासाठी मकराण्याहून आणलेला संगमरवरही मूळचा साधा चुनखडकच. अशा खडकांना आपण रूपांतरित खडक म्हणतो. ते कसे घडतात आणि तसे घडतात हे माणसाला कसे कळले, या दोन गोष्टींचा विचार आज आपल्याला एकत्रच करावयाचा आहे; कारण दुसरीवाचून पहिलीवर विश्वास बसणे कठीण.

आपण देशावरची माणसे. आपल्याला दगड म्हणजे काळा कातळ. जाते, पाटा-वरवंटा, किल्ल्यांचे तट, वेरूळचे कैलास लेणे, सारे त्या एका दगडाचे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांखाली झाकलेला आहे. तो अग्निज खडक. तप्त रस थिजून झालेला. दुसरी जात गाळाच्या खडकांची. पाण्याने किंवा वाऱ्याने आणून टाकलेली वाळू, चिखल, शंखशिंपल्यांचा चुरा घट्ट होऊन झालेली. अग्नी आणि पाणी यांपासून दगड होतो, ही गोष्ट मनाला पटते, कारण ज्वालामुखी आणि नदीचा गाळ या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात. तिसऱ्या जातीचे तसे नाही. पहिल्या दोन जातींचा कोणताही खडक भूपृष्ठाखाली खोल गेला, तेथील उष्णतेने आणि दाबाने, न वितळता, घनरूपातच बदलला, की त्याचा रूपांतरित खडक होतो. हे घडताना आजवर कोणी पाहिलेले नाही आणि पुढेही कोणी पाहणार नाही. मग ते खरे कशावरून? या शोधाच्या इतिहासाचा सारा भर या एका शंकेवर आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात खडकांविषयी सर्वांत वजनदार मत जर्मनीतील फ्रायबेर्गच्या खनिकर्म विद्यालयातील आचार्य आब्राहाम व्हेर्नर यांचे होते. प्रारंभी सर्व पृथ्वीवर एक महासागर होता आणि त्यातून एकामागून एक खडकांचे थर खाली बसत गेले, असे ते सांगत. ग्रॅनाइट, नाइस, शिस्ट हे स्फटिकमय खडक म्हणजे त्यांतले सर्वांत पहिले, आदिम थर. (नाइसला मराठीत पट्टिताश्म आणि शिस्टला सुभाजा अशी नावे आहेत.) या मताप्रमाणे खडकाला जन्म होता, पण पुढचे आयुष्य असे फारसे नव्हते. तो बनला तसाच राहिला.

या मताला आव्हान दिले ते स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या जेम्स हटन यांनी. वैद्यकाचे शिक्षण, नंतर शेती आणि मग निव्वळ निरीक्षण असा त्यांचा प्रवास. १७८५ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपला पृथ्वीविषयक सिद्धान्त मांडला. जमीन झिजते, गाळ समुद्रात जातो, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तो घट्ट होतो, वर उचलला जातो आणि पुन्हा झिजू लागतो, असे हे रहाटगाडगे त्यांनी सांगितले. साधा वाळूचा खडकही उष्णतेनेच घट्ट होतो, असे ते मानीत. ते पुढे टिकले नाही. पण खोल गेलेला खडक उष्णतेने नवे रूप घेतो, या म्हणण्यात मोठे सत्य होते.

त्यावर प्रतिपक्षाने असा आक्षेप घेतला की तो आपल्याकडच्या कोणत्याही चुनाभट्टीवाल्यालाही सुचावा. चुनखडक तापवला तर त्याचा चुना होतो. संगमरवर होत नाही. दगडातील वायू निघून जातो आणि हाती पांढरी कळी राहते. हा वायू म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड. तो चुनखडकात बद्ध असतो हे ज्यांनी दाखवले ते जोसेफ ब्लॅक हे हटन यांचेच जिवलग मित्र होते. म्हणजे मित्राच्याच शोधाने सिद्धान्ताचा पाया उखडला जातो की काय, अशी स्थिती. हटन यांचे उत्तर असे की, भट्टी उघडी असते. भूगर्भात मात्र डोक्यावर प्रचंड भार असतो. त्या भाराखाली वायूला बाहेर पडावयास वाव नाही, म्हणून दगड दगडच राहतो आणि फक्त त्याचे कण नव्याने स्फटिकरूप घेतात. उत्तर चातुर्याचे होते. पण पुरावा कोठे होता?

येथे या कथेत सर जेम्स हॉल हे गृहस्थ येतात. हटन यांच्याहून पस्तीस वर्षांनी लहान, त्यांचे स्नेही आणि प्रारंभी त्यांच्या मताविषयी साशंक. वादविवाद करून करून शेवटी मत पटले, तेव्हा हॉल यांना वाटले की ते प्रयोगाने सिद्ध करून दाखवावे. हटन यांना ते रुचले नाही. निसर्ग भूगर्भात अफाट काळ आणि अफाट बळ लावून जे करतो, त्याचा निवाडा लहानशा मुशीत डोकावून करू नये, अशी त्यांची धारणा होती. हॉल यांनी वडीलकीचा मान ठेवला. १७९० च्या सुमारास मनात आलेले प्रयोग त्यांनी बाजूस ठेवले आणि १७९७ मध्ये हटन यांचे निधन झाल्यावरच ते जोमाने हाती घेतले.

या प्रसंगाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. गुरुस्थानी असलेल्या माणसाचा शब्द मोडू नये, हा संस्कार आपल्यालाही परका नाही. पण येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. हटन यांचे मत त्यांच्या इच्छेबाहेर जाऊन तपासले गेले, म्हणूनच ते टिकले. ते तसेच राहिले असते तर एका बुद्धिमान माणसाची कल्पना एवढीच त्याची किंमत राहती. हॉल यांनी मान राखला तो माणसाचा. मताला मात्र त्यांनी कसोटीतून सूट दिली नाही. हा भेद ज्याला कळला त्याला विज्ञानाची निम्मी वाट कळली असे म्हणावयास हरकत नाही.

१७९८ ते १८०५ या काळात हॉल यांनी पाचशेहून अधिक प्रयोग केले. साधन काय, तर बंदुकीची लोखंडी नळी! खडूची किंवा चुनखडकाची पूड ठासून भरलेली लहान नळी बंदुकीच्या नळीत घालावयाची, तोंड घट्ट बंद करावयाचे आणि बंद टोक भट्टीत लाल होईपर्यंत तापवावयाचे. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचे तत्त्व हेच. वाफ कोंडली म्हणजे आतले पाणी शंभर अंशांवर उकळून उडून जात नाही. पण येथे कुकरला सुरक्षेची शिट्टी नव्हती. नळ्या फुटत, तोंडे उडत, कित्येक प्रयोग वाया जात. तरीही अनेक नळ्यांतून पुडीऐवजी घट्ट दगड निघाला आणि काहींतून तर संगमरवरासारखा चमकदार कणांचा. वायू कोंडून राहिला होता. चुना झालाच नाही. सुमारे १,७०० फूट खोल समुद्राच्या भाराइतका दाब असला तरी पुडीचा दगड होतो, असा त्यांनी हिशेब मांडला. चुनाभट्टीच्या आक्षेपाला उत्तर मिळाले, आणि जे कोणी पाहू शकत नाही ते खरे कशावरून, या शंकेलाही पहिले उत्तर मिळाले. भूगर्भात जाता येत नसेल, पण भूगर्भाची परिस्थिती वर आणता येते.

या खडकांना स्वतंत्र नाव मात्र अजून नव्हते. ते दिले चार्ल्स लायेल यांनी. हटन यांचे ज्या वर्षी निधन झाले त्याच १७९७ साली जन्मलेल्या या भूवैज्ञानिकाने आपल्या भूविज्ञानाच्या तत्त्वांवरील ग्रंथाच्या १८३३ मधील तिसऱ्या खंडात ‘मेटॅमॉर्फिक’ ही संज्ञा प्रचारात आणली. ग्रीक शब्दांवरून घडवलेल्या या नावाचा अर्थच ‘रूप बदललेले’ असा आहे. नाव देणे ही लहान गोष्ट वाटते. पण त्यामुळे ‘आदिम’ हा शब्द मागे पडला. नाइस दिसला की तो पृथ्वीच्या आरंभीचाच, असे मानण्याचे कारण उरले नाही. योग्य परिस्थिती येईल तेव्हा, कोणत्याही युगात, असा खडक घडू शकतो.

आता पाटीच्या प्रश्नाकडे वळू. पाटीचे पापुद्रे म्हणजे चिखलाचे मूळचे थर, असे प्रथमदर्शनी वाटते. पण १८३५ मध्ये ॲडम सेजविक यांनी स्पष्ट दाखवले की पापुद्र्यांची दिशा मूळ थरांना पुष्कळदा आडवी छेदून जाते. पुढे १८५३ मध्ये शेफील्डचे हेन्री सॉर्बी यांनी कारण सांगितले. दगडाची चकती इतकी पातळ घासावयाची की तिच्यातून उजेड आरपार यावा आणि मग ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाची, ही रीत भूविज्ञानात रूढ करणारे हेच गृहस्थ. त्यांना दिसले की पाटीतील सूक्ष्म चपटे कण एकाच दिशेने मांडलेले आहेत. मऊ मातीत लोहखनिजाच्या बारीक चकत्या मिसळून त्यांनी तिला एका बाजूने दाबले, तेव्हा अस्ताव्यस्त चकत्या दाबाच्या आडव्या दिशेत वळून एकमेकींना समांतर झाल्या. दगडाचे पान दाबाने पडते, हे सिद्ध झाले. म्हणजे पाटीवर ज्या दिशेने आपण अक्षरे काढली, ती दिशा एके काळी डोंगर घडताना कोणत्या बाजूने रेटा आला हे सांगत होती.

रूपांतराच्या पायऱ्या आहेत हे समजण्यास मात्र १८९३ साल उजाडावे लागले. जॉर्ज बॅरो हे ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अधिकारी स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशाच्या आग्नेय भागात दऱ्याखोऱ्यांतून नकाशे काढीत होते. सारा खडक मूळचा चिखलाचाच. तरी एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे चालत गेले की त्यातील खनिजे ठरावीक क्रमाने बदलत. त्यांनी प्रथम तीन पट्टे नोंदवले आणि १९१२ पर्यंत ही मालिका पुरी केली. आज आपण तिचा क्रम असा सांगतो : प्रथम हिरवट क्लोराइट, मग बायोटाइट हे काळे अभ्रक, मग तांबडे गार्नेट, मग स्टॉरोलाइट, मग निळसर कायनाइट आणि शेवटी सिलिमनाइट. कच्च्या मालात फरक नाही, तर फरक आचेत असला पाहिजे. म्हणजे ही खनिजे दगडात जडलेले तापमापकच ठरतात. बॅरो यांच्या कल्पनेला लगेच मान्यता लाभली नाही. १९२५ मध्ये टिली यांनी अधिक विस्तृत प्रदेश तपासून तेच पट्टे दाखवले, तेव्हा तिला भक्कम आधार मिळाला. बॅरो १९३२ पर्यंत हयात होते. आपले म्हणणे खरे ठरलेले त्यांना पाहता आले. आच ग्रॅनाइटच्या रसाची, असे ते मानीत. आज आपण ती मुख्यतः पर्वत घडताना जाड झालेल्या कवचाची मानतो. कारणमीमांसा बदलली, पट्टे राहिले.

एवढ्या इतिहासानंतर आता प्रक्रिया थोडक्यात सांगता येईल. खंडांच्या कवचात खाली जावे तसे दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. दहा किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार हवेच्या दाबाच्या अडीच हजार पटींहूनही अधिक होतो. सुमारे दोनशे अंशांच्या पुढे मूळची खनिजे अस्थिर होऊ लागतात. खडक वितळत नाही. पण त्याचे अणू कणांच्या सीमांवरून, आणि विशेषतः तेथे मुरलेल्या अल्पशा पाण्याच्या साहाय्याने, सरकत सरकत नवी घरे शोधतात. चिखलाच्या खडकाची प्रथम पाटी होते. आच वाढली की चकचकीत फायलाइट, मग अभ्रकाच्या खवल्यांनी भरलेली सुभाजा आणि अखेर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पट्टिताश्म. साधारण सातशे अंशांच्या आसपास, पाणी असेल तर आणखी अलीकडेच, खडक वितळू लागतो. तेथे रूपांतराचे राज्य संपून अग्निज खडकाचे सुरू होते. तप्त रस नुसता शेजारी येऊन भाजून गेला तर थोड्या भागात होणारे ते स्पर्शरूपांतर. आणि पर्वत उभे राहताना शेकडो मैल मुलूख दाबला-तापवला गेला तर ते प्रादेशिक रूपांतर.

दाब आणि उष्णता यांचा वाटा वेगवेगळा कसा ओळखावा? अँडालुसाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट या तिघांची रासायनिक घटना अगदी एकच आहे. फरक फक्त अणूंच्या मांडणीत. दाब कमी असेल तर अँडालुसाइट, दाब जास्त असेल तर कायनाइट आणि उष्णता जास्त असेल तर सिलिमनाइट टिकते. फिनलंडचे पेंटी एस्कोला यांनी १९१५ च्या सुमारास या विचाराला व्यापक रूप दिले. एकाच चुलीवर भाताचे आणि डाळीचे भांडे ठेवले, तर पदार्थ दोन झाले तरी आच एकच होती हे ओळखता येते. तसेच भिन्न घटनेच्या खडकांतही एकाच दाबाची आणि एकाच उष्णतेची खूण आपापल्या खनिजांनी उमटते. जपानचे अकिहो मियाशिरो यांनी १९६१ मध्ये दाखवले की त्यांच्या देशात असे दोन पट्टे शेजारीशेजारी आहेत. एक मोठ्या दाबाचा, एक मोठ्या उष्णतेचा. थोड्याच वर्षांत भूपट्टांच्या हालचालींचा सिद्धान्त आला आणि एक पट्ट दुसऱ्याखाली बुडतो तेथे अशी जोडी का पडते, याचा उलगडा झाला.

एक शंका श्रोत्यांच्या मनात आली असेल. खडक वर येताना निवतो आणि दाबही कमी होतो. मग तो पुन्हा चिखलाचा का होत नाही? मुख्य कारण असे की तापताना त्यातील पाणी निघून गेलेले असते आणि पाण्यावाचून थंड खडकातील अणू जवळजवळ जागचे हलत नाहीत. म्हणून खोलातली खूण वर आल्यावरही पुसली जात नाही. १९८४ साली क्रिस्त्याँ शोपँ यांनी इटलीच्या आल्प्समधील डोरा माइरा येथील खडकात गार्नेटच्या आत बंदिस्त राहिलेले कोएसाइटचे कण दाखवले. कोएसाइट म्हणजे गारेचेच अतिदाबाखालचे रूप. ते प्रयोगशाळेत प्रथम १९५३ मध्ये तयार झाले होते. याचा अर्थ, खंडाच्या कवचाचा तो तुकडा शंभर किलोमीटरच्या आसपास खोल जाऊन परत आला होता. हॉल यांच्या बंदुकीच्या नळीपासून सुरू झालेला संवाद येथवर आला. भट्टी विचारते आणि डोंगर उत्तर देतो.

आपल्या देशानेही या विद्येला दोन नावे दिली आहेत. कलकत्त्यास सेंट जॉन्स चर्चच्या आवारात जॉब चार्नॉक यांची कबर आहे. तिच्यावरील शिळा मद्रासकडची. १८९३ मध्ये थॉमस हॉलंड यांनी तिच्या दगडाचा अभ्यास करून त्या जातीला ‘चार्नोकाइट’ हे नाव दिले. हॉलंड यांना तो अग्निज वाटला. पुढे कित्येक ठिकाणी तो अतिउष्ण, खोल आणि जवळजवळ कोरड्या परिस्थितीत रूपांतराने झाल्याचे दिसून आले. आज दोन्ही वाटा मान्य आहेत.

दुसरे नाव तर आपल्या घरचे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत काळ्या कातळाचे पांघरूण सरते आणि खालचा पुरातन खडक उघडा पडतो. संगमरवर, सुभाजा, पट्टिताश्म आणि त्यांच्यात मँगनीजचे साठे. मूळ मँगनीजयुक्त गाळाचे रूपांतर होऊन तेथे गार्नेट आणि गारेचा एक विशेष खडक झाला आहे. लुईस फर्मोर यांनी मँगनीजवरील १९०९ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि तेथील गोंड लोकांवरून त्याला ‘गोंडाइट’ म्हटले. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत हे नाव आज आहे. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइटही सापडतात आणि पोलादाच्या भट्ट्यांच्या आतून लावावयाच्या उष्णतारोधक विटांसाठी ती कामी येतात. भूगर्भाच्या आचेत जे तयार झाले ते माणसाच्या आचेलाही पुरून उरते, यात नवल नाही. गोव्याचे लोहखनिज ज्या पट्टेदार हेमॅटाइट-क्वार्टझाइट खडकांशी निगडित आहे, तेही याच वंशातले.

तेव्हा ‘दगडासारखा न बदलणारा’ ही आपली उपमा भूविज्ञानाला मान्य होण्यासारखी नाही. दगड बदलतो, फक्त त्याला वेळ लागतो आणि कारण लागते. त्याहून मोलाची गोष्ट अशी की तो बदलाची साक्ष जपून ठेवतो. ती साक्ष वाचावयास हटन यांची कल्पना पुरी पडली नाही. हॉल यांच्या फुटलेल्या नळ्या लागल्या, सॉर्बी यांच्या चकत्या लागल्या आणि बॅरो यांची पायपीट लागली. उद्या आपण रामटेकला गेलात तर जवळच मनसरच्या मँगनीज खाणीचा परिसर आहे. तिकडच्या वाटेवर चमकणाऱ्या अभ्रकाचा एखादा दगड मिळाला तर तो उन्हात धरून पाहा. त्यातला प्रत्येक खवला एकाच दिशेने झुकलेला दिसेल. ज्या रेट्याने तो झुकला तो संपून कोट्यवधी वर्षे लोटली; पण त्याची दिशा आपल्या तळहातावर असेल.